चेक बाऊन्सच्या केसमध्ये शिक्षा झाली, अपिलात नेमकं काय होतं?

खडीसाखर (धागाकर्ता)

मंडळी, घरातला विषय आहे, जरा लांबण लागेल.

माझ्या मेव्हण्याचा फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना आहे. धंद्यासाठी त्याने एका ओळखीच्या गृहस्थांकडून साडेचार लाख हातउसने घेतले होते. लिखापढी काही नाही, फक्त सही केलेला कोरा चेक तारण म्हणून दिला. पुढे थोडे थोडे करत दीड लाख बँकेतून परत केले. मग कामं थांबली, परतफेडही थांबली. गृहस्थांनी चेकवर पूर्ण साडेचार लाखांचा आकडा घालून तो बँकेत टाकला. खात्यात शिल्लक नाही म्हणून परत आला. नोटीस आली, तिला याने उत्तर दिलं नाही. केस झाली, तारखांवर तारखा पडल्या.

गेल्या आठवड्यात जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाने निकाल दिला. सहा महिने साधी कैद, सहा लाख नुकसानभरपाई, ती न भरल्यास आणखी दोन महिने. त्याच दिवशी वकिलांनी अर्ज दिला आणि अपिलासाठी तीस दिवस शिक्षा थांबवून घेतली, म्हणून तो आज घरी आहे.

बहीण रोज फोन करून विचारते, दादा, खरंच आत जावं लागणार का? मला उत्तर देता येत नाही. अपिलात केस पुन्हा पहिल्यापासून चालते का? आधी पैसे भरावे लागतात म्हणतात, ते किती? आणि दीड लाख परत केल्याचा काही उपयोग आहे का?

पाणवठा

एवढं घाबरू नका. चेकची केस म्हणजे मुळात दिवाणी भानगड. पैशाच्या व्यवहारात कोणी खरोखर तुरुंगात जात नाही. शिवाय तारण म्हणून दिलेल्या चेकला १३८ कलम (चेक न वटण्याचा गुन्हा) लागतच नाही, हा मुद्दा घ्या, अपील जिंकलात म्हणून समजा.

काळा_कोट

पाणवठा, तुमचा हेतू चांगला आहे, पण दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि खडीसाखर यांनी त्यावर विसंबून राहू नये.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट १८८१ चा असला तरी १३८ कलम त्यात १९८८ च्या दुरुस्तीने आलं आणि १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं. आणलंच मुळी चेक न वटणं हा गुन्हा ठरवण्यासाठी. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोक आत जातात. मी पाहिले आहेत.

तारणाच्या चेकचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने श्रीपती सिंग केसमध्ये (२०२१) स्पष्ट केलं आहे की चेक तारण म्हणून दिला एवढ्यावर सुटका नाही. देणं फेडायची वेळ आली आणि ते फेडलं नाही, तर तो चेक बँकेत टाकता येतो आणि परत आला तर १३८ लागतं. कोरा चेक असला तरी तेच. बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार (२०१९) वाचा. स्वखुशीने सही करून चेक हातात दिला असेल, तर बाकीचा मजकूर दुसऱ्याने भरला म्हणून गृहीतक बदलत नाही.

गृहीतक म्हणजे कलम १३९. चेक देण्याघेण्यापोटीच दिला होता असं कोर्ट धरून चालतं आणि तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. बाकीच्या फौजदारी केसेसपेक्षा इथे वारं उलटं वाहतं.

आता खडीसाखर यांच्यासाठी, आधी घाईचं.

अपील जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात. मुदत शिक्षेच्या तारखेपासून तीस दिवस. नकलेसाठी अर्ज दिल्यापासून नक्कल हातात पडेपर्यंतचा काळ त्यातून वजा होतो, पण या हिशेबावर अवलंबून राहू नका, कारण खालच्या कोर्टाने दिलेली स्थगितीही तेवढ्याच दिवसांची आहे. ती संपण्याआधी वरच्या कोर्टाचा आदेश हातात नसेल तर वॉरंट निघू शकतं. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालपत्राची एक प्रत लगेच आणि फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे. ती घेतली नसेल तर उद्याच घ्या.

अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज हवाच. पूर्वी हे सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) ३७४ आणि ३८९ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४१५ आणि ४३०. आकडे बदलले, गाभा तोच आहे.

हिशेबनीस

पैशांचं मी सांगतो, आमच्या फर्ममधल्या एका प्रकरणात हे सगळं पाहिलं आहे.

२०१८ च्या दुरुस्तीने १४८ कलम आलं. आरोपीने अपील केलं की सत्र न्यायालय त्याला दंडाच्या किंवा नुकसानभरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगू शकतं. तुमच्याकडे सहा लाखांचे २० टक्के म्हणजे १ लाख २० हजार. लक्षात घ्या, हे चेकच्या साडेचार लाखांवर नाही, भरपाईच्या आकड्यावर आहे. मुदत साठ दिवस, सबळ कारण दिलं तर आणखी तीस.

खालच्या कोर्टात केस चालू असताना १४३-अ खाली अंतरिम भरपाई भरली होती का? भरली असेल तर हे २० टक्के त्यातून वळते होत नाहीत, ते वेगळेच.

खडीसाखर

अंतरिम भरपाईचा आदेश झाला नव्हता. पण १ लाख २० हजार आत्ता उभे करणं म्हणजे कठीणच आहे. हे भरावेच लागतात का?

काळा_कोट

कायद्यात शब्द ‘देऊ शकेल’ असा आहे. सुरिंदर सिंग देसवाल केसमध्ये (२०१९) सुप्रीम कोर्ट म्हणालं की सर्वसाधारणपणे भरायला लावावेत, न लावणं हा अपवाद आणि त्याची कारणं नोंदवावीत. नंतर जंबू भंडारी केसमध्ये (२०२३) म्हटलं की अपवादात्मक परिस्थिती असेल तर सूट देता येते, सरसकट २० टक्क्यांचा शिक्का मारू नये. म्हणजे सूट मागता येते, पण मागावी लागते. स्थगितीच्या अर्जातच परिस्थिती लिहा आणि तिचे कागद जोडा. कारखाना बंद आहे, कर्जाचे हप्ते थकले आहेत, जे असेल ते. ‘गरीब परिस्थिती आहे’ एवढ्या ओळीवर काही होत नाही.

आणि आदेश झाल्यावर भरले नाहीत तर? त्याच देसवाल प्रकरणात पुढे २०२० मध्ये हाही प्रश्न आला. अटीवर दिलेली स्थगिती अट पाळली नाही की उठते. हे हलक्यात घेणारे अशील मी दर वर्षी पाहतो.

भरलेली रक्कम अपील चालू असतानाच फिर्यादीला द्यायचा आदेश कोर्ट करू शकतं. अपिलात सुटका झाली तर त्याने ती रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटने व्याजासह परत करायची असते.

वटलेला_नाही

मी पलीकडच्या बाजूचा आहे, म्हणजे फिर्यादी. माझा चेक बाऊन्स झाला तो धंद्यातल्या मालाच्या पैशांचा. सगळा खटला संपला, शिक्षा झाली, आणि इतक्या वर्षांत पहिला रुपया हातात पडला तो समोरच्याच्या अपिलात भरलेल्या या २० टक्क्यांचा. तेव्हा हे कलम जाचक आहे असं लिहिण्याआधी आमच्याकडूनही बघा. दीड लाख परत केले म्हणता, उरलेले तीन लाख कोणाचे?

खडीसाखर

उरलेले तीन लाख द्यायचे आहेत, हे मेव्हणाही नाकारत नाही. प्रश्न साडेचार लाखांच्या चेकचा आणि सहा महिन्यांच्या कैदेचा आहे.

काळा_कोट

वटलेला_नाही यांचा सवाल रास्त आहे, आणि शेवटी सगळं तिथेच येऊन थांबेल असं मला वाटतं. पण आधी कायद्याचा मुद्दा, कारण तडजोडीच्या टेबलावर तुमचं वजन त्यावर ठरणार आहे.

खडीसाखर, मला तीन गोष्टी सांगा. दीड लाख कधी दिले, चेक बँकेत टाकण्याआधी की नंतर? बँकेचा उतारा केसमध्ये दाखल होऊन त्याला निशाणी क्रमांक (पुरावा म्हणून कोर्ट देतं तो) पडला आहे का? आणि उलटतपासात फिर्यादीला या रकमेबद्दल विचारलं होतं का, त्याने काय उत्तर दिलं?

खडीसाखर

आज जबाबाची नक्कल घेऊन बसलो. दीड लाख चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत टाकण्याआधी दिलेले आहेत, सगळे ट्रान्सफरने. उताऱ्याची झेरॉक्स जोडली होती पण तिला निशाणी क्रमांक नाही. उलटतपासात मात्र वकिलांनी विचारलं होतं. उत्तर असं: ‘आरोपीकडून माझ्या खात्यात काही रक्कम आली हे खरे आहे. ती रक्कम वेगळ्या व्यवहाराची होती.’ वेगळा कुठला, ते पुढे काहीच नाही. निकालपत्रात या उत्तराचा उल्लेखसुद्धा सापडला नाही.

काळा_कोट

तुमच्या वकिलांनी हा प्रश्न विचारला, त्यासाठी त्यांचे आभार माना. अपील यावरच उभं राहील.

दशरथभाई पटेल विरुद्ध हितेश पटेल, सुप्रीम कोर्ट, २०२२. वीस लाखांचा चेक होता, मधल्या काळात चार लाखांवर रक्कम परत आली होती, तरी चेक पूर्ण वीस लाखांचा टाकला. कोर्टाने म्हटलं की चेक बँकेत टाकण्याच्या दिवशी जेवढं देणं उरलं आहे तेवढ्याचाच तो हवा. मधे काही रक्कम आली असेल तर कलम ५६ प्रमाणे चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेपुरता तो टाकावा. नोंद न करता पूर्ण रकमेचा टाकला, तर ते त्या दिवसाचं कायदेशीर देणं नव्हे आणि १३८ चा गुन्हा होत नाही.

तुमची घटना जवळपास हीच आहे. लढाई फक्त ‘वेगळा व्यवहार’ या दोन शब्दांवर होईल. आणि इथे रंगप्पा विरुद्ध श्रीमोहन (२०१०) कामाला येतो. गृहीतक मोडायला आरोपीने संशयापलीकडे काही सिद्ध करायचं नसतं, शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकवलं की पुरतं. त्यासाठी स्वतः साक्षीला उभं राहण्याचीही गरज नाही, फिर्यादीच्याच तोंडून आलेल्या गोष्टींवर विसंबता येतं. रक्कम आल्याचं तो कबूल करतो आणि वेगळा व्यवहार कोणता ते सांगत नाही. माझ्या मते पारडं झुकायला हे पुरेसं आहे. समोरचा वकील म्हणेल पुरेसं नाही. न्यायाधीश ठरवतील.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. अपिलात केस पुन्हा चालत नाही. साक्षीदार परत बोलावत नाहीत. खालच्या कोर्टातून रेकॉर्ड मागवतात आणि त्या कागदांवर दोन वकील वाद घालतात. जबाबात जे आहे ते आहे, जे नाही ते नाही. त्यामुळे वकील बदलायचा झाला तर नव्या वकिलाला निकालपत्राच्या आधी उलटतपास वाचायला द्या.

चिंचेचं_पान

मधेच विचारते. मग तो झेरॉक्स उतारा आता रीतसर दाखल करता येत नाही का? बँकेतून शिक्क्याची प्रत आणून?

काळा_कोट

चांगला प्रश्न. दार आहे, पण अरुंद. संहितेचं कलम ४३२, जुनं ३९१, अपिलात जादा पुरावा घेण्याचं. अजितसिंह राठोड विरुद्ध गुजरात राज्य (२०२४) या केसमध्ये आरोपीने अपिलात येऊन हस्ताक्षरतज्ज्ञ मागितला, सही माझी नाही म्हणून. खालच्या कोर्टात सगळी संधी असताना त्याने ते केलं नव्हतं. सुप्रीम कोर्टाने नाकारलं. पुरेशी खटपट करूनही पुरावा आणता आला नाही, किंवा गोष्ट नंतर उघड झाली, अशाच वेळी हे कलम वापरायचं.

खडीसाखर यांच्याकडे उतारा आधीच होता, म्हणून अर्ज कच्चा आहे. तरी मी तो देईन. कागद बँकेचा आहे, वादातीत आहे आणि फिर्यादीने कबूल केलेल्या गोष्टीचाच आकडा आणि तारीख सांगतो. बँकेकडून रीतसर प्रमाणित प्रत घ्या, मोबाईल अ‍ॅपमधून काढलेली पीडीएफ नको. अर्ज फेटाळला तरी कबुली रेकॉर्डवर आहेच.

पाणवठा

मी आधी जे लिहिलं ते मागे घेतो. एक विचारू का, नोटीस मिळालीच नाही असं म्हणता येईल का? आमच्याकडे बरेच जण म्हणतात.

काळा_कोट

म्हणतात, आणि हरतात. बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली की पोचली असं धरतात. अलवी हाजी केसमध्ये (२००७) कोर्टाने सरळ सांगितलं की नोटीस मिळाली नाही म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावेत. तेही केलं नसेल तर ही सबब चालणार नाही. इथे तर नोटीस मिळाली हे उघडच आहे. उत्तर न देणं बाधतं, पण त्याने अपील बुडत नाही.

आणखी एक. अपिलाच्या अर्जात वीस-पंचवीस मुद्दे कोंबायची सवय असते, सही नाही, नोटीस नाही, अधिकारक्षेत्र नाही, कर्ज नाही. यात कर्ज घेतलंच नाही असं लिहिलंत, तर परतफेडीचा तुमचा चांगला मुद्दा तुम्हीच मारलात. घेतले, इतके परत दिले, चेक जास्तीचा टाकला. एवढीच गोष्ट ठेवा.

सातबारा

धागा थोडा वळवतो, माफ करा. माझ्या एका नातेवाइकाला अशीच शिक्षा झाली आहे, तो सरकारी नोकरीत आहे. शिक्षेला स्थगिती मिळाली. साहेब म्हणतात तरीही कारवाई होऊ शकते. हे खरं आहे का?

काळा_कोट

होऊ शकते. शिक्षेला स्थगिती म्हणजे कैद आणि वसुली थांबली, दोषी ठरवणारा निकाल थांबला नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती हवी असेल तर ती वेगळी आणि स्पष्ट मागावी लागते, आणि कुठलं नुकसान होणार आहे ते कोर्टासमोर नेमकं ठेवावं लागतं. रामा नारंग विरुद्ध रमेश नारंग (१९९५) हा त्यावरचा निकाल. क्वचित मिळते. तुमच्या नातेवाइकांनी वकिलांना हे आजच विचारावं.

खडीसाखर

समजा अपील हरलो तर शिक्षा वाढते का? बहिणीला तीच भीती जास्त आहे.

काळा_कोट

फक्त आरोपीचंच अपील असेल तर शिक्षा वाढवता येत नाही. कायम राहील, कमी होईल किंवा रद्द होईल. कमी म्हणजे कधी कधी कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि भरपाई, असाही शेवट होतो. कधी प्रकरण फेरसुनावणीला खाली पाठवतात. हरलात तर पुढे हायकोर्टात रिव्हिजन, तिथे मात्र पुरावा नव्याने तोलत नाहीत, निकालात ठळक चूक दाखवावी लागते.

आणि ‘दोन महिने जादा भोगू, भरपाई भरायला नको’ हा हिशेब करू नका. कुमारन विरुद्ध केरळ राज्य (२०१७) प्रमाणे ती कैद भोगूनही रक्कम वसूल करता येते.

हिशेबनीस

आता तडजोडीचा हिशेब मांडतो, कारण या गुन्ह्यात ती कुठल्याही टप्प्यावर करता येते, कलम १४७. ती झाली की परिणाम निर्दोष सुटकेचाच.

उशिरा तडजोड करणाऱ्याला कोर्ट खर्च लावतं. दामोदर प्रभू केसमध्ये (२०१०) दर ठरले होते, सत्र न्यायालय किंवा हायकोर्टाच्या टप्प्यावर चेकच्या १५ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये संजाबिज तारी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते खाली आणले, या टप्प्यावर आता साडेसात टक्के. साडेचार लाखांवर ३३,७५० रुपये. हे फिर्यादीला नाही, विधी सेवा प्राधिकरणाकडे जातात.

म्हणजे एका बाजूला तीन लाख मुद्दल, वर जे ठरेल ते, आणि हे ३३,७५०. दुसऱ्या बाजूला १ लाख २० हजार भरून वाट पाहणं, वकिलाची फी, आणि हरल्यास सहा लाख आणि कैद.

वटलेला_नाही

फिर्यादी म्हणून सांगतो. माझ्याकडे समोरचा पहिल्या दिवशी येऊन ‘एवढे देणं आहे, असे असे देतो’ म्हणाला असता तर मी नोटीसही पाठवली नसती. तुमच्या मेव्हण्यांनी वकिलाला मधे घेऊन पण स्वतः जाऊन बोलावं. आणि दशरथभाईचा कागद खिशात ठेवून बोलावं, त्याने आमच्यासारखेही जमिनीवर येतात. मुद्दल तीन लाखच आहे हे त्यांनाही माहीत असणार.

काळा_कोट

सहमत. पण अपील आधी दाखल करा, स्थगिती पदरात पाडून घ्या, मग बोला. तडजोड चालू आहे म्हणून तीस दिवस घालवले आणि समोरच्याने ऐन वेळी अंग काढलं, तर विलंब माफीचा अर्ज घेऊन पळत सुटावं लागेल, आणि मधल्या काळात वॉरंट. तडजोडीला फिर्यादीची संमती लागतेच, कोर्ट ती त्याच्यावर लादत नाही.

खडीसाखर

सगळ्यांचे मनापासून आभार. अपिलाचे कागद या आठवड्यात टाकतोय, स्थगितीचा अर्ज आणि २० टक्क्यांत सवलतीची विनंती त्यातच. बँकेत प्रमाणित उताऱ्यासाठी अर्ज आज दिला. गृहस्थांशी बोलायला मेव्हणा तयार आहे. तो म्हणतो एक लाख लगेच, बाकी हप्त्यांनी. हप्त्यांचे पुढच्या तारखांचे चेक द्यायचे का?

हिशेबनीस

अहो, पुन्हा चेक?

काळा_कोट

शक्यतो नको. जिम्पेक्स विरुद्ध मनोज गोयल (२०२१) प्रमाणे तडजोडीतला चेक परत आला तर त्यावर स्वतंत्र १३८ उभी राहते. एक लाखाचा डीडी, बाकीचे हप्ते बँक ट्रान्सफरने, आणि प्रत्येक हप्त्याची तारीख तडजोडीच्या पर्सिसमध्ये (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात) लिहून दोघांच्या आणि दोन्ही वकिलांच्या सह्या. अपील शेवटचा हप्ता जाईपर्यंत निकाली काढू नये, तोवर तारखा घ्याव्यात, अशी विनंती त्याच पर्सिसमध्ये करा. आणि तो जुना साडेचार लाखांचा मूळ चेक कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे, तो कोणाला परत द्यायचा हेही त्यात लिहून घ्या.